तेलाचा लाल दिवा

भावजी सकाळी साडेआठला गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मिस्त्रीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सहा महिने झाले, बहिणीच्या या नवऱ्याने त्याच्याशी अबोला धरला होता. आणि आज स्वतःहून आले होते. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात इस्पितळाची फाईल, आणि मागे गाडीत स्टिअरिंग धरून बसलेली ताई.

भांडण या गाडीवरूनच झालं होतं. भावजी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. उभा जन्म दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेलेला, त्यामुळे आकड्यांवर त्यांचा भारी जीव. दोन वर्षांपूर्वी ही वापरलेली गाडी त्यांनी घेतली ती आकड्यांवर भाळूनच. "नऊशे नव्याण्णव सीसी," येईल त्याला ते ऐकवत. "सिलिंडर तीनच, पण टर्बो! एकशे दहा घोड्यांची ताकद. पूर्वी एवढ्याला सोळाशेचं इंजिन लागायचं." मिस्त्रीने तेव्हाच कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की लहान इंजिनाकडून मोठं काम करून घ्यायचं तर त्याचं पथ्यपाणी कडक असतं. कोण ऐकतो? मग सहा महिन्यांपूर्वी, चार पाहुण्यांच्या पंगतीत, मिस्त्री बोलून गेला, "भावजी, घोडे एकशे दहा आहेत खरे, पण तबेला कच्चा आहे." पाहुणे खो खो हसले. भावजी पानावरून उठले, ते त्या दिवसापासून गॅरेजच्या रस्त्यालाही फिरकले नाहीत.

"तेलाचा दिवा लागतोय," ते आता म्हणाले. मेहुण्याकडे न बघता, भिंतीवरच्या टायरकडे बघत. "दोन दिवस झाले. सिग्नलला थांबलं की लुकलुकतो, जरा रेस केलं की जातो. दोन वाजता घाटापलीकडे डोळ्याच्या डॉक्टरांकडे पोचायचंय. तीन आठवड्यांनी वेळ मिळाली आहे. तुला जमत असेल तर बघ, नाहीतर तसं सांग."

त्या 'जमत असेल तर'ने मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताई काचेतून हसली. "छोट्या, बघ रे पटकन," ती म्हणाली. मिस्त्री चव्वेचाळीस वर्षांचा होता, पण ताईच्या लेखी तो छोट्याच.

त्याने बॉनेट उघडलं. डिपस्टिक काढून पाहिली. तेल काठोकाठ होतं. इंजिन गरम होतं आणि सावकाश फिरताना लाल दिवा डोळा मारावा तसा चमकत होता.

गॅरेजच्या अर्ध्या भागात गाड्यांचं वायरिंग करणारी बाई बसायची. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची, जिभेला हाड नसलेली. तिला सगळे करंटबाई म्हणत. ती वायर सोलता सोलता मान वर न करता म्हणाली, "प्रेशर गेज लाव, मिस्त्री. दिवा खोटं बोलतोय की इंजिन, ते कळेल."

"अर्धा तास जाईल त्यात."

"जाऊ दे की."

भावजींनी घड्याळ पाहिलं. फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतपत पुटपुटले, "मोठ्या वर्कशॉपलाच नेली असती तर बरं झालं असतं."

झालं. मिस्त्रीने फळीवरून तेलाचं प्रेशर बघून दिवा पेटवणारा नवा सेन्सर काढला. जुना सोडवला, टोकाला लागलेली काळी घाण फडक्याला पुसून डब्यात टाकला, नवा बसवला, कनेक्टर लावला. वीस-बावीस मिनिटांचं काम. गाडी सुरू केली. दिवा लागला नाही. त्याने एक मिनिट वाट पाहिली, तरी नाही.

"सेन्सर गेला होता," तो म्हणाला. "बदललाय. नवा रुळेपर्यंत दिवा लागला तरी घाबरू नका. बिनधास्त जा."

भावजींनी मान हलवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताईने हॉर्न वाजवला आणि गाडी गल्लीबाहेर वळली. मिस्त्रीला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं जेमतेम तासभर टिकलं.

दहाच्या सुमारास करंटबाई हात पुसायला फडकं शोधत आली आणि फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग खिडकीच्या उजेडाकडे गेली.

"मिस्त्री, इकडे ये."

"काय गं?"

"ही घाण नाही. हे बघ, दोरे आहेत."

तिने चिमटीत धरलेला तो काळा तुकडा नखभरही नव्हता. पण त्याला बारीक तंतू होते, आणि चिमटीत चुरडल्यावर तो रबरासारखा लिबलिबला.

मिस्त्रीने तो तुकडा तिच्या हातातून घेतला. त्या इंजिनात असलं रबर एकाच ठिकाणी असतं. त्याचा टायमिंग बेल्ट कोरडा नसतो, इंजिनाच्या तेलात भिजतच फिरतो. त्याला ठरावीक जातीचंच तेल चालतं. दुसरं घातलं, किंवा जवळच्या जवळ गाडी फिरवून तेलात पेट्रोल उतरत राहिलं, की बेल्ट फुगतो, त्याला भेगा पडतात, चुरा सुटतो. तो चुरा खाली चेंबरमध्ये जाऊन तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. चहाच्या गाळणीत चोथा अडकावा तसा. मग चेंबर तेलाने भरलेलं असलं तरी इंजिनाच्या तोंडात थेंब पडत नाही.

आणि दिवा विझला कसा? सेन्सर बदलेपर्यंतच्या वीस मिनिटांत इंजिन निवलं होतं. निवलेलं तेल दाट असतं, त्याने प्रेशर तेवढ्यापुरतं वर आलं. हे कुणालाही कळलं असतं. त्यालाही कळत होतं. त्या वेळी कळून घ्यायचं नव्हतं, इतकंच.

"घाट चढून तेल तापलं की पुन्हा दिवा लागणार," करंटबाई म्हणाली. "लागला की थांबतील."

"थांबणार नाहीत." मिस्त्रीने खिशातून फोन काढला. "मीच सांगितलंय, लागला तरी घाबरू नका म्हणून."

"अरे देवा."

"आणि ब्रेक. या गाडीत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप याच तेलावर जगतो. त्यात चुरा गेला की..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. घाट चढून झाला की पलीकडे तेवढाच उतार होता.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. ती उचलणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तिला गाडी शिकवली ती त्यानेच, सात वर्षांपूर्वी, आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गाडी चालवताना कुणीही मेलं तरी फोन घ्यायचा नाही. ताई शब्दाची पक्की. मग त्याने भावजींना लावला. दोनदा वाजला आणि कटला. पुन्हा लावला. पुन्हा कटला. मेसेज पाठवला, पण डोळ्यावर पट्टी असलेला आणि त्याचा फोनच कापणारा माणूस तो उघडणार कशाला?

"पिकअप काढ," करंटबाई म्हणाली. "नको, तू राहू दे. मी चालवते, तू फोन लाव."

गॅरेजचं शटर अर्धवट ओढून दोघं निघाली. गाव संपेपर्यंत मिस्त्रीने नऊ वेळा फोन लावला. भावजी प्रत्येक वेळी कापत होते. मिस्त्री त्यांना ओळखून होता. मेहुणा आता फोन करून अक्कल शिकवणार, गाडीवर काहीतरी टोमणा मारणार, असं त्यांना वाटत असणार. खांद्यावर एकदा हात ठेवला म्हणजे सगळं विसरले असं थोडंच असतं!

रस्ता चढू लागला तशी पिकअप कण्हायला लागली. करंटबाईने गिअर उतरवला.

"माझ्या फोनवरून लाव," ती एकदम म्हणाली. "माझा नंबर त्यांच्याकडे नाही."

मिस्त्रीने तिच्या फोनवरून नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हां हां, मॅडम," भावजींचा आवाज एकदम मऊ. "आम्ही वाटेतच आहोत. दोनच्या आधी पोचतो. आमची वेळ कुणाला देऊ नका बरं का!"

"भावजी, मी बोलतोय. फोन ठेवू नका! तुम्हाला ताईची शपथ आहे, ठेवू नका. कुठे आहात तुम्ही?"

"नाश्त्याला तासभर थांबलो होतो, आत्ता माथा ओलांडला. उतरतोय. का?"

"दिवा लागलाय?"

"लागलाय की. दहा मिनिटं झाली. तूच म्हणालास ना, घाबरू नका म्हणून. ती थांबवत होती, मीच म्हटलं चल, सेन्सर नवा आहे."

मिस्त्रीने डोळे मिटले. "माझं चुकलं, भावजी. तो सेन्सर नव्हता. फोन स्पीकरवर टाका आणि ताईच्या जवळ धरा. ताई, ऐकू येतंय? ब्रेक कसा लागतोय?"

"छोट्या?" ताईचा आवाज कापत होता. "मघाच्या वळणापासून जड झालाय. आता तर दगडावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय. काय झालंय रे याला?"

"ब्रेक गेलेला नाही. त्याचा जोर गेलाय. म्हणजे आता सगळा जोर तुझा. पाय सारखा उचलून-दाबून कुटू नकोस. कितव्या गिअरला आहेस?"

"चौथ्या."

"तिसरा टाक. आवाज मोठा होईल, होऊ दे."

फोनमधून इंजिनाचा सूर चढलेला ऐकू आला. आणि त्या सुरावर आणखी एक आवाज, बारीक, शिट्टीसारखा, वर वर जाणारा. मिस्त्रीला तो ओळखायला वेळ लागला नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभराच्या वर फेरे घेतो, आणि तो नुसत्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. पापुद्रा फाटला होता.

"आता दुसरा."

"इतक्या वेगात? इंजिन फुटेल ना!"

"फुटलं तर फुटू दे! इंजिनाचं मी बघतो. तू दुसरा टाक."

भावजी काहीतरी बोलले. मग एक मोठा हिसका, आणि इंजिन किंचाळलं.

"पडला," ताई धापा टाकत म्हणाली. "हळू झाली जरा. पण थांबत नाही रे."

"नाही थांबणार, उतार मोठा आहे. आता नीट ऐक. तुझा डावा पाय क्लचजवळ ठेव. इंजिन एकदम अडकलं आणि चाकं धरली गेली, गाडी घसरतेय असं वाटलं, की क्लच पूर्ण दाबायचा. विचार करायचा नाही. आणि चावीला हात लावू नकोस, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. भावजी!"

"बोल."

"हँडब्रेक तुमच्याकडे. टोकाचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवा, आणि दांडी एकेक बोट वर घ्या. झटका द्यायचा नाही. मागची चाकं फरफटल्यासारखी वाटली तर सैल सोडा. तराजूचा काटा मध्यावर आणताना धरता ना, तशी धरा."

"धरली," भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आता मानही नव्हता आणि अपमानही नव्हता.

"समोर काय दिसतंय?"

"वळण गेलं," ताई म्हणाली. "पांढरा कठडा आहे, लांबच लांब."

मिस्त्री या घाटात वर्षानुवर्षं गाड्यांची ट्रायल घेत आला होता. तो कठडा त्याला डोळ्यांपुढे दिसला. कठडा संपला की डोंगराच्या बाजूला खडीच्या खाणीत जाणारा एक कच्चा रस्ता होता. चढणीचा. त्यानंतर मात्र दोन उलटी वळणं, पाठोपाठ, आणि खाली दरी.

"ताई, कठडा संपला की डोंगराकडे खाणीचा रस्ता आहे. वर चढतो. तिथे गाडी घालायची. खड्डे आहेत, खडी आहे, गाडी आपटेल. आपटू दे. तो रस्ता चुकवायचा नाही, कळलं?"

"आणि समोरून गाडी आली तर?"

"हॉर्नवरून हात काढू नकोस."

हॉर्न सुरू झाला. त्याच्या मागून आता शिट्टी नव्हती, इंजिनाच्या पोटातून टक, टक, टकटक, कुणी आतून दार ठोठावतंय तसा आवाज येत होता.

"दोन्ही पायांनी ब्रेक दाबू का?"

"उजव्यानेच. सीटला पाठ लाव आणि सगळ्या अंगाने दाब."

"दिसला!" हा भावजींचा आवाज. त्या एका डोळ्याने त्यांना आधी दिसला होता. "तो बघ, तो लाल मातीचा! आता वळव! वळव गं—"

खर्रर्र असा आवाज आला आणि फोन बंद पडला.

मिस्त्रीने पुन्हा लावला. संपर्काबाहेर. ताईचा लावला. संपर्काबाहेर. त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं, तर पिकअपच अशा ठिकाणी शिरली होती जिथे रेंज नव्हती. दोन्ही बाजूंना कापलेला डोंगर.

"थांबू नको," तो म्हणाला.

"थांबत नाहीये."

करंटबाईने पाय दाबूनच ठेवला. पिकअपचा काटा साठावर थरथरत होता. मिस्त्री पुढच्या काचेतून बघत होता, पण त्याला रस्ता दिसत नव्हता. त्याला गॅरेजमधला तेलाचा ड्रम दिसत होता.

कारण खरी गोष्ट त्याने अजून कुणालाच सांगितली नव्हती. या गाडीची सर्व्हिसिंग दोनदा त्यानेच केली होती, भांडणाच्या आधी. या इंजिनाला कुठलं तेल लागतं, त्याला पाठ होतं. पहिल्या वेळी तो डबा दुकानात नव्हता, दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि भावजी घाईत होते. त्याने ड्रममधलं तेल घातलं. चांगलं तेल, बहुतेक गाड्यांना चालणारं. एकदाने काय होतंय, असं म्हणून. दुसऱ्या वेळी तर कारणही नव्हतं. ड्रम हाताशी होता. आणि हाच माणूस पंगतीत तबेला कच्चा आहे म्हणाला होता.

अकरा मिनिटं गेली. त्याने ती घड्याळात एकेक करून पाहिली. माथ्यावरच्या मोकळ्या पठारावर पिकअप आली आणि फोन वाजला.

"थांबलो," भावजी म्हणाले. "खडीच्या ढिगात पुढचं चाक रुतलंय. ही बरी आहे. हाताला खरचटलंय माझ्या. इंजिन आपोआप बंद पडलं. धूर येतोय थोडा."

"गाडीपासून लांब बसा," मिस्त्री म्हणाला. करंटबाईने पिकअप कडेला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, आणि नाक ओढून पुन्हा निघाली.

खाणीच्या रस्त्यावर गाडी तिरकी उभी होती. एक चाक खडीत, बंपर लोंबकळलेला. ताई लांब एका दगडावर बसली होती, पायातली एक चप्पल कुठेतरी पडलेली. मिस्त्री तिच्याकडे धावला. तिने त्याला जवळ घेतलं नाही. त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, आणि मग तोच दंड घट्ट धरून रडायला लागली.

"तू म्हणालास बिनधास्त जा," ती म्हणत राहिली. "तू म्हणालास, छोट्या."

भावजी उभे होते. पट्टी धुळीने मळली होती. मिस्त्री त्यांच्यासमोर गेला, आणि आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं. त्याने सगळं सांगितलं. फडक्यावरचा तुकडा, न लावलेलं गेज, आणि ड्रममधलं तेल, एकदा नव्हे, दोनदा. कुठे आडपडदा ठेवला नाही.

भावजींनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मी दुसऱ्याच्या मापात पाच ग्रॅमचा फरक सापडला तर दुकान बंद करायचो," ते म्हणाले. "तुझं मी काय करू?"



"दोन वाजायला अजून वेळ आहे," करंटबाई मध्येच म्हणाली. "भांडण पुरवून पुरवून करा. आधी पिकअपमध्ये बसा दोघं. डोळा जाईल ना माणसाचा."

तिने त्यांना नेलं. मिस्त्री गाडीपाशी थांबला. ती दोघं इस्पितळात पावणेदोनला पोचली. पट्टी बदलली, डोळा शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, हे त्याला संध्याकाळी करंटबाईकडून कळलं. ताईने फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी भावजी गॅरेजमध्ये आले. स्टूल ओढून बसले. मिस्त्रीने त्यांच्यासमोर इंजिनाचं चेंबर सोडवलं. तेलाच्या जाळीवर काळा लगदा बसला होता, बोटभर जाडीचा. एकही भोक उघडं नव्हतं. बेअरिंगं निळी पडली होती, टर्बोचा दांडा बोटाने हलवला तर खडखडत होता.

भावजींनी तो लगदा बोटावर घेतला, एका डोळ्याने निरखून पाहिला आणि मिस्त्रीच्याच फडक्याला पुसला.

"याच ड्रममधलं तेल आणखी किती गाड्यांत घातलंस?" त्यांनी विचारलं.

"असं इंजिन असलेल्या चार आहेत."

"सांगितलंस त्यांना?"

मिस्त्रीने मान खाली घातली. तीन दिवस तो हेच टाळत होता. चार गिऱ्हाइकं म्हणजे चार घरं, आणि त्यांच्या तोंडून सगळं गाव.

"मग लाव फोन. मी इथे बसलोय."

मिस्त्रीने वही काढली. पहिला फोन एका शिक्षकाला गेला. त्याने आधी ऐकून घेतलं, मग इतक्या शिव्या दिल्या की पलीकडे करंटबाईलाही ऐकू गेल्या. मिस्त्री हो, हो म्हणत राहिला. दुसऱ्या फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, आजच गाडी आणून सोडते, पण यापुढे तुमच्याकडे नाही. तिसऱ्याचा दिवा कालपासून लुकलुकत होता. तो उद्या पहाटे बायकापोरांना घेऊन बाहेरगावी निघणार होता.

"गाडी जागची हलवू नका," मिस्त्री त्याला म्हणाला. "सुरूसुद्धा करू नका. मी आत्ता येतो."

तो उठला. गेजची पेटी उचलली, गेज आत आहे ना ते उघडून पाहिलं. भावजीही उठले.

"चौथा राहिला," ते म्हणाले.

"वाटेत लावतो."

"नंबर सांग, मी लावतो. तू गाडी चालव."